काळ्या बिअरला शेंगच हवी, इसेन्स नको

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या लहान ब्रुअरींवर आलेला लेख मी आवडीने वाचला. शेवटच्या रकान्यात मात्र अडखळले. काळ्या बिअरला व्हॅनिलाचा स्वाद द्यायचा तर इसेन्सचे चार थेंब पुरतात, आणि शेंगच वापरायची हौस असेल तर ती माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा उकळतानाच टाकावी, असं तिथे छापलं आहे. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने शेतकऱ्याचं नुकसान होतं, दुसऱ्याने शेंगेचं. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण शेंग कधी आणि कशी घालायची तेवढा भाग कृपया राहू द्या.

सावईवेऱ्याला आमचं कुळागर आहे. वर माड-पोफळी, पोफळींच्या अंगावर मिरवेली, खाली केळी आणि अननस, पाटाच्या कडेने जायफळ, आणि झरीकडच्या तुकड्यात गिरिपुष्पाच्या खुंटांवर चढवलेली व्हॅनिला. मी सून म्हणून आले तेव्हा व्हॅनिला नव्हती. २००० साली मादागास्करला मोठं चक्रीवादळ झालं, तिथल्या बागा आडव्या झाल्या आणि जगभर भाव चढत गेले. २००३ च्या सुमाराला तयार शेंगेचा भाव किलोला पाचशे डॉलरपर्यंत गेला होता. केरळ-कर्नाटकात लोकांनी मिरी काढून व्हॅनिला लावली, आणि ते लोण आमच्याकडेही आलं. माझ्या सासऱ्यांनी तेव्हाच कांड्या आणून लावल्या. मग दोन वर्षांत बाजार कोसळला, भाव पन्नास डॉलरच्याही खाली आला. आमच्या वाड्यावरच्या बहुतेकांनी वेल उपटून टाकले. आमचे राहिले, कारण सासऱ्यांना त्या फुलाची माया लागली होती, आणि त्यांच्यामागे ती मला लागली.

बिअरशी माझा संबंध लेकीमुळे. ती आणि जावई इंग्लंडात स्विंडनला असतात. जावयाला घरी बिअर करण्याचा नाद आहे, आणि तोही काळ्या बिअरचा, म्हणजे स्टाउट आणि पोर्टरचा. तिथे त्यात काही चोरटं नाही. १९६३ साली ब्रिटिश सरकारने घरच्या वापराची बिअर करायला लागणारा परवाना रद्द केला, तेव्हापासून ज्याला हवी त्याने करावी, फक्त विकू नये. अमेरिकेतही १९७८ चा तसा केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडे गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा आहे आणि मद्य तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे मी इथे काही आंबवत नाही. माझं काम शेंगा पाठवण्याचं, आणि तिथे गेले की जवळ बसून बघण्याचं. पण रसायनशास्त्र घेऊन मी बीएस्सी केलं आहे, पुढे हायस्कूलमध्ये तोच विषय शिकवला, त्यामुळे नुसतं बघून माझं भागत नाही. का, ते कळेपर्यंत चैन पडत नाही.

तर आधी शेंगेचं सांगते, कारण ती कशी होते हे समजलं की ती उकळायची का नाही हेही आपोआप समजतं.

व्हॅनिला हे मूळ मेक्सिकोकडचं ऑर्किड. फूल फिकट पिवळसर-हिरवं, पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. वर्षातून त्या फुलाला तेवढी एकच सकाळ. फुलात पराग आणि स्त्रीकेसराचं टोक यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोच्या रानात तिथल्या मधमाश्या हे काम करतात. आमच्याकडे त्या नाहीत, म्हणून प्रत्येक फुलाचं लग्न हाताने लावावं लागतं. बांबूची बारीक काडी घ्यायची, पडदा अलगद वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचा. ही रीत १८४१ साली रीयुनियन बेटावर एदमों अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आज जगात कुठेही व्हॅनिलाची बाग पाहा, त्याच मुलाची रीत चालते. तो मोठा होऊन स्वतंत्र झाला, पण गरिबीतच गेला. माझ्याबरोबर ज्या बायका हे काम करतात त्यांना मी त्याची गोष्ट सांगितली आहे. हात बसलेली बाई एका सकाळी हजारावर फुलं उरकते.

फुलापासून शेंग पिकायला नऊ महिने लागतात. पिकलेली शेंग हिरवी-पिवळसर, फरसबीसारखी दिसते, आणि तिला वास नसतो. अजिबात नसतो. कुळागर बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात मी ती देते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. वास आत कुलुपात असतो. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य, तिथे साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं, आणि ते सोडवणारं एन्झाइम शेंगेतच वेगळ्या जागी असतं. दोघांची गाठ घालून देणं म्हणजे तोडलेली शेंग मुरवून तयार करणं. त्रेसष्ट ते पासष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीनेक मिनिटं बुडवायची. त्याहून गरम पाणी झालं तर एन्झाइमच मरतं आणि सगळी मेहनत जाते. मग घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवायची, तिथे ती घामेजते, तपकिरी होते. नंतर आठ-दहा दिवस रोज काही तास काळ्या कपड्यावर उन्हात, उन्हातून काढली की पुन्हा घोंगडीत. त्यानंतर तीन-चार आठवडे सावलीत फळ्यांवर, आणि शेवटी मेणकागदात गुंडाळून बंद पेटीत दोन-तीन महिने. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार शेंग निघते. ती काळी, तेलकट, बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी हवी. कडकडीत वाळलेली शेंग विकत घेऊ नका, तिच्यातला निम्मा वास आधीच उडालेला असतो.

इतक्या महिन्यांनी जो वास मोकळा होतो तो एकट्या व्हॅनिलिनचा नसतो. तयार शेंगेत व्हॅनिलिन दोन टक्क्यांच्या आसपास; त्याच्या जोडीला दोनशेहून जास्त इतर गंधद्रव्यं, अगदी अल्प प्रमाणात. मनुकांचा, चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा, धुराचा जो हलका भास होतो तो त्यांचा. यांतली बरीच द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. आता सांगा, तासभर खदखदणाऱ्या काढ्यात अशी शेंग टाकायची?

वाफ हे एकच कारण नाही. काढा गार केला, यीस्ट घातलं की चार-पाच दिवस बादलीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जोरात येत राहतात, आणि तो वायू उरलेला सुगंध बरोबर घेऊन बाहेर पडतो. जावयाच्या शेडमध्ये त्या दिवसांत जो सुंदर वास येतो तो सगळा बिअरमधून गेलेला असतो! तिसरं कारण कमी लोकांना ठाऊक आहे. यीस्ट स्वतःच व्हॅनिलिनचं रूपांतर व्हॅनिलिल अल्कोहोलमध्ये करतं, आणि त्याला व्हॅनिलाचा वास फारच मंद. म्हणजे उकळताना घातलेली शेंग आधी वाफेला, मग वायूला आणि मग यीस्टला वाटत वाटत शेवटी पेल्यात नावालाच उरते. बासुंदीत जायफळ आपण गॅस बंद केल्यावरच किसतो, तेच शहाणपण इथेही हवं.

म्हणून शेंग घालायची ती मुख्य आंबवण संपल्यावर. जावयाची बादली तेवीस लिटरची असते. आंबवण अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे चालते. बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस हलला नाही आणि यीस्ट तळाला बसलं की बिअर दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढायची. शेंगा मात्र त्याआधी आठवडाभर तयार ठेवायच्या. दोन चांगल्या शेंगा उभ्या चिरायच्या, सुरीच्या पाठीने आतलं बी खरवडायचं, सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि बी-साल सगळं लहान बरणीत घालून वर जेमतेम बुडेल एवढं मद्य ओतायचं. साल टाकू नका, स्वादाचा मोठा भाग तिच्यात असतो. रोज बरणी एकदा हलवायची. आठवड्याने ते काळंभोर मद्य तुकड्यांसकट बिअरमध्ये.

मद्यात भिजवण्याची दोन कारणं आहेत. व्हॅनिलिन पाण्यात सावकाश विरघळतं, मद्यार्कात चटकन. सहा टक्क्यांच्या बिअरला जे काढायला फार दिवस लागतील ते चाळीस टक्क्यांचं मद्य आठवड्यात काढतं. दुसरं कारण स्वच्छतेचं, आणि ते मी पिकवणारी म्हणून सांगते. ही शेंग उन्हात, कपड्यावर, अनेक हातांतून फिरलेली असते. कितीही काळजी घेतली तरी तिच्यावर बुरशी-जिवाणूंचा अंश असणार. तशीच बिअरमध्ये टाकली तर तेवीस लिटर आंबट व्हायला वेळ लागत नाही.

कोणतं मद्य, असं मला इथले काजू गाळणारे शेजारीही विचारतात, कारण त्यांना वाटतं फेणी चालावी. काजूच्या फेणीचा मला आदर आहे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला होता. पण या कामाला ती नको. तिचा स्वतःचा वास एवढा ठाम आहे की व्हॅनिला तिच्यापुढे उभी राहत नाही. माडाची फेणी थोडी सौम्य, तरी तीही आपली ओळख सोडत नाही. बिनवासाची व्होडका सर्वांत बरी. काळी रम चालते, कारण तिच्यातली काकवीची चव भाजलेल्या माल्टशी जुळते.

शेंगा घातल्यावर तिसऱ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखायचं. दिवस मोजून बिअर काढू नये, जिभेने ठरवावं, कारण दोन वेलांच्या शेंगा सारख्या नसतात. बहुधा आठवडाभरात चव बसते. फार दिवस राहिली तर सालीचा लाकडी तुरटपणा उतरतो. पेल्यात व्हॅनिला पहिल्या घोटाला ओरडून सांगत असेल तर ती जास्त झाली. घोट गिळल्यावर मागून यायला हवी. बाटलीत भरताना ती हवी त्याहून किंचित पुढे असली तर मात्र चालेल, कारण बाटलीत महिने जातात तशी ती मागे सरते.

आता काळीच बिअर का? स्टाउट आणि पोर्टरमध्ये बहुतेक माल्ट साधंच असतं. काळा रंग आणि कॉफी-चॉकलेटची चव येते ती थोड्याशा, दहा टक्क्यांच्या आसपासच्या, खरपूस भाजलेल्या धान्यातून. लंडनला पोर्टर अठराव्या शतकापासून पितात, आणि १८१७ साली डॅनियल व्हीलरने जव भाजण्याच्या पिंपाचं पेटंट घेतल्यापासून हा काळा माल्ट सर्रास मिळू लागला. भाजण्यातून कडूपणा येतो, जरा करपटपणाही येतो, आणि व्हॅनिला नेमकी तिथे कामाला येते. ती स्वतः गोड नाही. शेंग चावून बघा, कडवट लागते. पण तिच्या वासाने जिभेला गोडव्याचा भास होतो आणि भाजलेल्या धान्याची धार बोथट होते. साखर न वाढवता बिअर मऊ लागते. ओकच्या पिंपात मुरवलेल्या काळ्या बिअरला जो व्हॅनिलासारखा गंध येतो तोही योगायोग नाही, लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून व्हॅनिलिनच तयार होतं. लागर या हलक्या पिवळ्या बिअरला मात्र व्हॅनिला लावू नये. तिथे तिला टेकायला काही नसतं आणि पेल्यात वितळलेलं आइस्क्रीम आल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात कुणीतरी मला तशी एक प्यायला दिली होती. दुसरा घोट घेववला नाही.

इसेन्सबद्दल. ते विष आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. कृत्रिम व्हॅनिलिन १८७४ साली जर्मनीत पहिल्यांदा तयार झालं, आज ते मुख्यतः ग्वायाकोल या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रव्यापासून करतात, आणि त्याचा रेणू शेंगेतल्या व्हॅनिलिनचाच असतो. नाताळच्या केकमध्ये, ओव्हनच्या आचेत, दोहोंतला फरक पुष्कळांना कळत नाही हेही मला मान्य आहे. बिअरमध्ये कळतो. गेल्या हिवाळ्यात जावयाने एकाच बादलीतली स्टाउट दोन भांड्यांत वाटली, एकात इसेन्स, एकात आमच्या शेंगा. कोणत्या पेल्यात काय आहे हे न सांगता लेकीने शेजाऱ्यांना दोन्ही दिल्या. इसेन्सची आधी सगळ्यांना आवडली, कारण वास पटकन नाकात गेला. अर्धा पेला संपेपर्यंत बहुतेकांनी ती बाजूला सारली. एकच सूर लावून धरल्यासारखी ती चव शेवटपर्यंत तशीच राहते, आणि बिअर कोमट होत जाते तसा तिला औषधी वास येऊ लागतो. शेंगेची बिअर कोमट होताना उलट उलगडत गेली. स्टाउट फार थंड पिऊ नये म्हणतात ते मला त्या दिवशी पटलं.

आता गोव्याचं. इथे आज परवानाधारक लहान ब्रुअरी आहेत, त्यांची बिअर राज्याबाहेरही जाते, आणि पर्यटक इथली चव शोधत येतात. हिशेब मांडून पाहा. वीस लिटरला दोन-तीन शेंगा, तर हजार लिटरला शंभर ते दीडशे. एक तयार शेंग साधारण तीन-चार ग्रॅमची, म्हणजे सगळा मामला अर्ध्या किलोच्या आसपास. किलोला वीस हजार रुपये धरले तरी लिटरमागे दहा रुपये पडतात. ब्रुअरीच्या गणितात हे फार नाही. आणि दीडशे शेंगा म्हणजे दीडशे फुलं, आमच्या एका बाईची सकाळच्या चहाआधीची कामगिरी. खरेदी एवढी लहान असल्यामुळेच ती इथल्या कुळागरांतून भागू शकते. मोठा व्यापारी टनात मागतो, ते आम्हाला कधीच जमणार नाही. २००४ नंतर आम्ही बुडालो ते याच भ्रमात की आपण मादागास्करशी भावात झुंजू. २०१७ च्या चक्रीवादळानंतर भाव पुन्हा सहाशे डॉलरपर्यंत गेला आणि पुन्हा उतरला. त्या लाटेवर स्वार व्हायला मी कुणालाही सांगणार नाही. दोन ब्रुअरी आणि चार बेकऱ्या दरवर्षी ठरलेल्या भावाने घेतील एवढीच व्हॅनिला लावा.

कुळागरवाल्या माझ्या भावंडांना एक कळकळीची विनंती. चोरीच्या भीतीने शेंग सहा-सात महिन्यांत तोडू नका. कोवळ्या शेंगेत ते कुलूपबंद द्रव्यच पुरेसं तयार झालेलं नसतं, मग पुढे कितीही घोंगडीत घाला, वास येत नाही, आणि एकदा फसलेला गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही. शेंगेचं टोक पिवळं दिसलं की तोडा, आणि हिरवी विकू नका. पैसा शेंग मुरवून तयार करण्यात आहे. ज्यांना ते एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी तालुक्यात एक सामायिक जागा हवी: गरम पाण्याचा हौद, थर्मामीटर, घोंगड्या, फळ्या, कुलूप असलेली खोली. याला कोटींचा प्रकल्प लागत नाही. जुने गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीसाठीची संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी दोन दिवसांचा वर्ग घेतला तर पुष्कळ होईल. सुपारी सहकारी संस्थेमार्फत विकायची सवय आम्हाला आहेच, त्याच काउंटरवर व्हॅनिलाही प्रत लावून घेता येईल.

आणि सरकारला एक मागणं. घरच्यापुरती थोडी बिअर, विक्री नाही आणि गाळप नाही, एवढ्याला मर्यादा घालून सोपी परवानगी द्यावी. काजूच्या हंगामात गावोगाव भट्ट्या परवान्याने चालतातच, तेव्हा अबकारी खात्याला हे नियम नवीन नाहीत. इंग्लंडात आज ज्या छोट्या ब्रुअरी नावाजलेल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी चालवणाऱ्यांनी पहिला हात स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवला. आपल्या मुलांना ही विद्या शिकायला परदेशी जावं लागू नये.

आमच्याकडे फुलं जानेवारीपासून मार्चपर्यंत येतात. ज्या ब्रुअरीवाल्यांना बाग आणि पेटीतल्या शेंगा बघायच्या असतील त्यांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं, मी कळवीन. सकाळी नऊच्या आत पोचावं, त्यानंतर फुलं मिटू लागतात. नमुन्यासाठी प्रत्येकाला दोन शेंगा देईन, त्यांचे पैसे घेणार नाही. फक्त उकळणार नाही एवढा शब्द द्यावा.

आपली नम्र,
सावईवेरे (फोंडा) येथील एक कुळागरवाली
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे)